वीटमामीचा ब्रेड

वीटमामी हे नाव तिला नणंदेच्या मुलाने ठेवलं. तेव्हा तो जेमतेम शाळेत जायला लागला होता. ताटलीतला ब्रेडचा तुकडा त्याने टेबलावर दोनदा आपटला, कान लावून आवाज ऐकला आणि जाहीर केलं, "मामीने वीट भाजलीय." सगळं घर पोट धरून हसलं. लहान मूल ते, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्याला काय दोष द्यायचा? पण मोठ्यांनी ते नाव झेललं. घरातून ते जिन्याने खाली उतरलं, गल्लीत फिरलं, दूधवाल्याच्या तोंडी बसलं, आणि वर्ष सरायच्या आत तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. आपणही तिला वीटमामीच म्हणणार, कारण दुसऱ्या नावाने विचारलंत तर तिचं दार कुणी दाखवणार नाही. म्हणताना मनातल्या मनात थोडी लाज वाटली तर वाटू द्यावी.

ज्यावरून हे सगळं घडलं तो ब्रेड म्हणजे दुकानात पिशवीतून मिळतो तसला पांढरा लुसलुशीत प्रकार नव्हे. तो मूळचा म्हणे आयर्लंडमधला, गरिबाघरचा. यीस्ट नको, अंडं नको, साखर नको. गव्हाचं पीठ, मीठ, खायचा सोडा आणि आंबट ताक, एवढ्या चार जिनसा. गोल गोळा करायचा, वर सुरीने खोल फुली मारायची आणि ओव्हनमध्ये सरकवायचा. सासूबाईंच्या आईने तो कुठल्याशा घरी स्वयंपाकाला असताना उचलला होता, आणि तिच्याकडून तो सासूबाईंकडे आला. गल्लीत बाकी कुणाला तो येत नव्हता. रविवारी सकाळी सासूबाईंच्या ओव्हनचं दार उघडलं की वास जिन्याने खाली जायचा, आणि लोकांना काहीतरी निमित्त काढून वर यावंसं वाटायचं. कुणी सुई मागायला यायचं, कुणी नुसतं "कसं काय" म्हणायला. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, दुसरं काय! सासूबाई सगळ्यांना ओळखून होत्या. एकेकाला एकेक तुकडा द्यायच्या आणि तो खाऊन होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या.

वीटमामी लग्न होऊन आली ती ह्या घरात. खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. ओव्हनच्या दाराची स्प्रिंग तुटलेली, म्हणून दार लावून त्याला स्टूल टेकवायचं. नवरा घड्याळजी. एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर खाली मान घालून बसायचा. भांडण नाही, आवाज नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गल्लीत त्याला देवमाणूस म्हणत. सासरे कधीच वारलेले. नणंद लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे. आणि वीटमामी स्वतः मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. तिथलं पिळायचं यंत्र अर्धं वर्ष रुसून बसलेलं असायचं, मग ह्या बायका दोन टोकांना उभ्या राहून ओल्या चादरी हाताने पिळायच्या, झटकायच्या आणि गरम रोलरखाली सरकवायच्या. त्या कामाने तिचे हात असे झाले होते, की घट्ट बसलेलं बरणीचं झाकण घेऊन शेजारचे पुरुष वर यायचे, उघडून घ्यायचे आणि मुकाट्याने खाली जायचे.

नव्या सुनेने हौसेने म्हटलं, "मला तुमचा ब्रेड शिकवा ना."

सासूबाईंनी आधी तिचे तळवे हातात घेऊन पाहिले. दाबून पाहिले. मग म्हणाल्या, "असे हात असल्यावर काय गं, झालाच म्हणून समज. पीठ, मीठ, सोडा, ताक. आणि मळायचं. चांगलं अर्धा तास मळायचं, लोण्यासारखं होईपर्यंत. मग ओल्या फडक्याखाली तासभर ठेवून द्यायचं. ह्यात खरी मेहनत आहे ती मळण्याची. आळस केलास की फसलीस."

आळस हा शब्द वीटमामीला लागला. तिने बाह्या वर केल्या आणि मळलं. असं मळलं की टेबलाचे पाय हलले. तासभर झाकून ठेवलं, भाजलं, आणि बाहेर काढलं ते आपल्याला माहीतच आहे. वरून काळपट, आतून गच्च, सुरी अर्ध्यावर अडकलेली.

"पहिलाच आहे," सासूबाई म्हणाल्या. "मळणं कमी पडलं."

पुढच्या वेळी तिने जास्त मळलं. त्याच्या पुढच्या वेळी त्याहून जास्त. पीठ बदललं, ताक अधिक आंबवलं, सोडा नवा आणला, फडकं दोन तास ठेवून पाहिलं. खांदे भरून यायचे. आणि गंमत अशी की जितका जीव ती त्यात ओतायची तितकी वीट पक्की व्हायची. सोडून द्यायचं ना मग? लाँड्रीतल्या मैत्रिणीही तेच म्हणायच्या, "विकत आण आणि गप बस." पण सोडायला देतंय कोण? महिना-दोन महिने गेले, घरात चार माणसं जमली, की सासूबाई हमखास म्हणायच्या, "आज सुनेच्या हातचा होऊ दे." मग तो टेबलावर यायचा, भाचा तो आपटायचा, सगळे हसायचे आणि सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. "होईल गं हळूहळू. सगळ्यांच्याच हाताला गुण असतो असं नाही." नंतर स्वतःचा ब्रेड आणून मध्ये ठेवायच्या.

तिला एकच कोडं पडायचं. म्हातारी हे सगळं मळते कधी? रविवारी हॉस्पिटल बंद नसतं. वीटमामी सकाळच्या पाळीला गेली की परत येईपर्यंत ब्रेड फडक्यात गुंडाळून तयार असायचा. तिची सुट्टी असली तर सासूबाई तिला गच्चीवर कपडे वाळत घालायला पाठवायच्या. ती रिकामी बादली घेऊन खाली येते तोवर ओव्हनच्या दाराला स्टूल लागलेलं. तिने हिशोब केला, की म्हातारी पहाटे अंधारात उठून मळत असणार आणि पीठ कुठेतरी झाकून ठेवत असणार. ह्या वयात! तिला आपल्या झोपेची लाज वाटली. एकदा तिने म्हटलंही, "मला उठवत जा, मी मळून देत जाईन." सासूबाई म्हणाल्या, "तू झोप. कामावर दमतेस." वीटमामीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्याला किती जपतात, असं तिने लाँड्रीत सांगितलं.

मुलगा झाला, मोठा झाला, शाळेत जायला लागला. डब्यात ब्रेड द्यायची वेळ आली की तो आधी विचारायचा, "आजीचा की तुझा?" एकदा चुकून तिचा गेला, आणि मुलांनी मधल्या सुट्टीत तो चेंडूसारखा झेलून पाहिला. घरी येऊन तो तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही. मुलाचा राग तिने मानला नाही. पण त्या दिवसापासून तिच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली. ह्या घरातल्या कुणीतरी, एकदा, तिचा ब्रेड तोंडात घालावा आणि म्हणावं, "जमला हो." बस. दागिना नको, साडी नको. लाँड्रीत तिच्या हाताखाली बायका होत्या, मोठ्या नर्सबाई तिला विचारल्याशिवाय चादरींचा गठ्ठा हलवत नसत. पण घराचा उंबरा ओलांडला की ती वीटमामी. बाहेर कितीही मान मिळाला तरी घरात मिळाला नाही तर माणसाला तो पुरत नाही, हे मान मिळणाऱ्यांना विचारा.

त्या अख्ख्या घरात एकच माणूस तिची वीट नाव न ठेवता खायचा. नवरा. सगळ्यांचं हसून झालं की तो आपला तुकडा चहात बुडवायचा, बुडवून वाट बघायचा आणि सावकाश चावायचा. दातांचा आवाज यायचा, पण तक्रार नाही. "कसा आहे?" असं तिने विचारलं की म्हणायचा, "चालतो की." ह्या दोन शब्दांवर तिने पंचवीसएक वर्षं काढली. मैत्रिणींचे नवरे पिणारे होते, मारणारे होते, एकाने तर दुसरा संसार मांडला होता. आपला दगड चावून खातो आणि हूं की चूं करत नाही. ह्याहून प्रेम ते काय असतं, असं तिला वाटायचं.

मग सासूबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात आटोपलं. शेवटपर्यंत त्यांना वीटमामीनेच उचललं, बसवलं, न्हाऊ घातलं. चादर न सुरकुतता बदलायची कशी ते तिला शिकवावं लागत नव्हतं. त्या गेल्यावर लोक भेटायला येत आणि बोलणं फिरून फिरून ब्रेडवर जाई. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण इथे दूध खरंच होतं, त्यामुळे कुणाला थांबवताही येत नव्हतं. नणंद तर रडत म्हणाली, "आईबरोबर तो ब्रेडही गेला गं. आता ह्या घरात कुणाला येतोय?" वीटमामी शेजारीच उभी होती, चहाचा ट्रे घेऊन.

थोड्या दिवसांनी सासूबाईंची धाकटी बहीण आली. मावशी. दोघी बहिणींचं वर्षानुवर्षं फाटलेलं होतं, कशावरून ते आता दोघींपैकी कुणालाही धड सांगता आलं नसतं. वीटमामीने लग्नानंतर तिला एकदाच पाहिलं होतं, तेही गर्दीत. आता बहीण नाही म्हटल्यावर मावशी पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "चार दिवस राहते. जिवंतपणी नाही आले, आता तरी येऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वीटमामीला वाटलं, मावशीला बहिणीच्या घरचा ब्रेड खायला घालावा. कसा का होईना. तिने परातीत पीठ घेतलं, मीठ टाकलं, सोडा टाकला, ताक ओतलं आणि सवयीने दोन्ही मुठी आत घातल्या. मावशी दारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ नुसती पाहत राहिली, मग ओरडलीच.

"अगं, अगं! हे काय चालवलंयस?"

"ब्रेडचं पीठ मळतेय."

"ह्याला कुणी मळतं का? हात काढ. आधी हात काढ तो!"

वीटमामीने हात वर काढले. बोटांना पीठ लोंबत होतं.

"ताक पडलं की सोडा जागा होतो," मावशी म्हणाली. "मग तो कुणासाठी थांबत नाही बाई. बोटांनी जेमतेम गोळा करायचा, ओबडधोबड असला तरी चालतो, आणि टाकायचा ओव्हनमध्ये. मळलास की चिवट, ठेवलास की मेला. आमची आई म्हणायची, चहाला उकळी यायच्या आत आटपलं पाहिजे. ताईला आणि मला एकाच दिवशी शिकवला तिने. तुला कुणी सांगितलं मळायला?"

"सासूबाईंनी. अर्धा तास मळायचं. मग तासभर झाकून ठेवायचं."

मावशी हसायला लागली. तिला वाटलं, पोरीने काहीतरी उलटसुलट ऐकलंय. पण वीटमामी हसत नव्हती. मावशीचं हसू मग आपोआप ओसरलं. ती बहिणीला लहानपणापासून ओळखत होती, आणि ते ओळखणं आता तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"विसरली असेल गं ताई," ती म्हणाली.

"विसरलेलं माणूस काहीतरी गाळतं, मावशी. त्यांनी तर पदरचं घातलं."

परातीतलं ते पीठ मावशीने बाजूला सारलं आणि नवं घ्यायला लावलं. वीटमामीने ताक ओतलं आणि हात लगेच मागे घेतले, तेव्हा मावशीने म्हटलं, "एवढी घाबरू नकोस, गोळा तर कर." बोटं फाकवून तिने कडेचं पीठ आत ओढलं. इतकं ओबडधोबड काही ओव्हनमध्ये घालायचं तिच्या जिवावर आलं. सुरीने फुली मारली, दाराला स्टूल लावलं, आणि झालं. खरंच झालं. चहा अजून उकळायचा होता.

तो बाहेर आला तेव्हा फुगून फुलीच्या चारी बाजूंना उकललेला होता. मावशीने तो उलटा केला आणि बुडावर बोटाने टकटक केली. पोकळ आवाज आला. "झाला," मावशी म्हणाली, "आता स्वच्छ फडक्यात गुंडाळ, म्हणजे वरचं कवच कडक होणार नाही." वीटमामीने पहिला तुकडा उभ्यानेच खाल्ला. हुबेहूब तोच. आनंद व्हायला हवा होता. तिच्या मनात मात्र त्या पहाटा आल्या. म्हातारी अंधारात उठून मळत असेल म्हणून आपल्याला लाज वाटायची, आणि म्हातारी भिंतीपलीकडे गाढ झोपलेली असायची. तिने भरलेला खांदा चोळला. इतक्या वर्षांचं ते सगळं मळणं तिला एकदम खांद्यात जाणवलं, आणि असा संताप आला की मेलेल्या माणसाला उठवून विचारावंसं वाटलं, बाई, मी तुमचं काय घोडं मारलं होतं?

पण मेलेलं माणूस उठत नाही. जिवंत तर होते ना! तिने रविवारी नणंदेला जेवायला बोलावलं. भाच्यालाही. भाचा आता मिशा असलेला, बँकेत नोकरी करणारा माणूस झाला होता. तिने ठरवलं होतं, आधी ब्रेड खायला घालायचा आणि त्यांच्या तोंडून "जमला हो" हे दोन शब्द येऊ द्यायचे. मग सांगायचं. भांडायचं नाही, फक्त सांगायचं.

ब्रेड टेबलावर आला. भाच्याने सवयीने तुकडा उचलला आणि आपटायला हात वर नेला, पण तुकडा त्याच्या बोटांत दबला. त्याने तो तोंडात घातला.

"अरे वा! हा तर आजीचा! मावशीआजी, तुम्ही केलात?"

"मी बोट लावलेलं नाही," मावशी म्हणाली. "मामीने केला तुझ्या."

नणंद चावता चावता थांबली. तिचे डोळे भरून आले. वीटमामी तिच्या तोंडाकडे पाहत होती, एखाद्या निकालाची वाट बघावी तशी.

"बघ," नणंद म्हणाली, "आई गेली, पण जाताना हाताचा गुण तुला देऊन गेली. आईचाच आशीर्वाद, दुसरं काय."

संपलं. तो ब्रेडसुद्धा सासूबाईंच्याच नावावर गेला. वीटमामीने शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण आवाज तिच्या हातात राहिला नाही. "आशीर्वाद नाही ताई. तुमच्या आईने मला उलटं शिकवलं होतं. ह्याला मळायचंच नसतं. त्यांनी मला अर्धा अर्धा तास मळायला लावलं आणि तुम्हा सगळ्यांसमोर हसं करून घ्यायला लावलं."

"काय बोलतेस तू?" नणंदेने तुकडा खाली ठेवला. "गेलेल्या माणसावर आळ? तिने तुला लेकीसारखं वागवलं. स्वतःला जमलं नाही ते नाही, वर तिच्या माथी मारतेस? मला तर आईने कधी असं काही सांगितलं नाही."

"तुला कसं सांगेल?" मावशी मध्ये पडली. तिला भांडण मिटवायचं होतं, तिचा हेतू स्वच्छ होता. "तू वसतिगृहात वाढलीस. सुट्टीत यायचीस ती खायला. पण हा तुझा भाऊ होता ना घरी! ह्यालाच विचारा की. वडील गेले तेव्हा एवढासा होता, दिवसभर आईच्या मागे मागे. ओव्हनपाशी स्टुलावर उभा राहायचा. फुली ह्यालाच मारायची असायची, नाही मारू दिली की भोकाड पसरायचा. काय रे, सांग बरं, ताईने कधी मळलं होतं का हे पीठ?"

वीटमामीने नवऱ्याकडे वळून पाहिलं. पहिल्या क्षणी तिला बरंच वाटलं, की चला, साक्षीदार मिळाला. मग मावशी काय बोलली ते तिच्यापर्यंत पूर्ण पोचलं.

तो ताटलीतले ब्रेडचे कण बोटाच्या टोकाने टिपत होता, घड्याळातला बारीक स्क्रू उचलावा तसे, एकेक.

"नाही," तो म्हणाला. "मळत नव्हती आई."

भाचा म्हणाला, "म्हणजे मामा, तुम्हाला पहिल्यापासून..." आणि आईचं कोपर बरगडीत बसल्यावर गप्प झाला. दोघांना मग अचानक कामं आठवली. चपला घालताना नणंद पुटपुटली, "जाऊ दे आता, झालं ते झालं." जिन्यावर त्यांचा आवाज बराच वेळ येत होता. मावशी आतल्या खोलीत जाऊन पिशवी भरायला लागली, जायला अजून दोन दिवस होते तरी.

वीटमामी भांडी घासायला उभी राहिली. तो तिच्या मागे येऊन थांबला, फडकं हातात घेऊन, पुसायला म्हणून.

"तुम्ही दर वेळी बघत होतात," ती म्हणाली. "मी मळताना."

"सांगणार होतो गं. सुरुवातीला एक-दोनदा जिभेवर आलं होतं."

"मग?"

तो थोडा वेळ ताटली पुसत राहिला. कोरडी झाली तरी पुसत राहिला. "आईकडे दुसरं काय होतं, तूच सांग. तू आलीस आणि घर तुझ्या पगारावर चालायला लागलं. माझ्या दुकानाचं तर तुला ठाऊकच आहे. किराणा तू आणायचीस, तिला डॉक्टरकडे तू न्यायचीस, मुलाच्या शाळेत तू जायचीस. तिला वाटायचं, आपण आता कुणीच नाही. तेवढा एक ब्रेड उरला होता तिच्याकडे. तो पण काढून घ्यायचा? आणि तुला काय कमी होतं? हॉस्पिटलात एवढा मान आहे तुला. एका ब्रेडने तुझं काय बिघडणार होतं?"

"तुमच्या आईला एक गोष्ट उरावी म्हणून तुम्ही माझं हसं होऊ दिलंत."

"हसणं म्हणजे गमतीचं होतं गं. कुणी मनावर घेत नव्हतं."

"मी घेत होते." तिने नळ बंद केला. "माझा मुलगा माझा ब्रेड डब्यात नेत नव्हता. तुम्ही तेवढे खायचात. मला वाटायचं, माझ्यासाठी खाता."

"तुझ्यासाठीच खात होतो," तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. त्याला बायकोची दया येत होती, वर्षानुवर्षं येत होती, आणि त्या दयेपोटी तो दात झिजवत होता. एक वाक्य बोलला असता तर दोघांचंही सुटलं असतं. पण बोललं की कुणाची तरी बाजू घ्यावी लागते, आणि देवमाणसाला बाजू घ्यायची नसते. मूग गिळून बसतात आणि वर त्यालाच चांगुलपणा म्हणतात. सासूबाईंनी निदान वैर तरी केलं होतं; एकदा कळल्यावर त्यांना शिव्या देऊन मोकळं होता येत होतं. ह्याला काय द्यायचं? तो तर उभा होता समोर, फडकं हातात घेऊन, मदत करत.

मावशी लवकरच गेली. तो आठवडा घरात दोघंच होती आणि बोलणं "दूध आलं का" आणि "किल्ली कुठाय" इतपत. मुलगा दूर नोकरीला. त्याचा फोन आला तेव्हा वीटमामीने त्याला काहीच सांगितलं नाही. सांगून काय म्हणणार, की तुझी आजी खोटारडी आणि बाप मुका?

रविवारी तिची सुट्टी होती. तिने पिठाच्या डब्याला हात लावला नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसून उशांचे अभ्रे शिवत राहिली. नवरा आतबाहेर करत होता. दुकान बंद, काम नाही, काहीतरी बोलावं असं तोंडावर आणि बोलता येत नाही. शेवटी तो स्वयंपाकघरात गेला. डब्याचं झाकण वाजलं. ताकाचं पातेलं जमिनीवर सरकलं. तिने सुई थांबवली आणि ऐकत राहिली. चहाला उकळी यायला लागतो तेवढाही वेळ गेला नाही आणि ओव्हनचं दार लागलं.

त्याने जन्मात एक अंडं उकडलं नव्हतं. पण थोड्या वेळाने तो आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला ब्रेड होता. गोल, फुललेला, चारी बाजूंना सारखा उकललेला. त्याने तो उलटा करून बुडावर बोटाने टकटक करून दाखवली. मग कापला आणि एक तुकडा तिच्या पुढे धरला. आईने पाठ थोपटावी म्हणून उभं राहिलेल्या पोरासारखा दिसत होता तो, आणि त्याला खरोखरच वाटत होतं, की आपण माफी मागतोय.

"बघ," तो म्हणाला. "चाळीस-पन्नास वर्षं झाली असतील. अजून सगळं आठवतं मला."

तिने तुकडा घेतला आणि सावकाश खाल्ला. मीठ बरोबर, सोडा बरोबर, ताक बरोबर, आतून मऊ, कवचही मऊ. कुठे म्हणजे कुठे उणं काढायला जागा नव्हती.

"एकही गोष्ट विसरला नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

त्याला ते कौतुक वाटलं. तो हसला आणि तिच्यासाठी दुसरा तुकडा कापायला लागला.